ठेवायला दिलेला ससा

ही हकिकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. सशांचा विषय निघाला की मी मांजरसुंब्याच्या ढाब्याची गंमत सांगायचो, लोक हसायचे आणि बाकीचं तसंच राहून जायचं. मागच्या महिन्यात शाळेतल्या बाई घरी आल्या. मुलांसमोर येऊन प्राण्यांवरच्या दयेबद्दल चार शब्द बोला, म्हणाल्या. मी गुडघ्याचं कारण सांगून त्यांना परत पाठवलं. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण कारण ते नव्हतं. त्या गेल्यावर मी वही काढली. वय झालं आहे, आणि ज्या दोन माणसांशी मी खोटं बोललो त्यांतलं एक आता या जगात नाही.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, उमापूरच्या बाजूला. मी गावातल्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी दूध निम्म्यावर आलं तेव्हा आमच्या चेअरमननी ससेपालनाची योजना आणली. ससा थोडं खातो, थोडं पितो, महिन्याला वितो. पिल्लं विकत घेणारा व्यापारी बाहेरगावचा होता. तो पहिल्यांदा टेम्पो घेऊन आला, त्याचा सत्कार झाला, नारळ-टोपी झाली. दुसऱ्यांदा आलाच नाही. नंतर त्याचा फोनही लागेना.

तोवर घराघरांत पिंजरे झाले होते. माळकरी घरांत ससा कापायचा प्रश्नच नव्हता. जे खाणारे होते त्यांच्या लेकरांनी पिल्लं अंगाखांद्यावर घेऊन वाढवलेली, तिथं सुरी कोण काढणार? धंदा बुडाला आणि घरोघरी लाडाचे ससे तेवढे उरले. मग दुष्काळाचं दुसरं वर्ष आलं. माणसाला प्यायला टँकर, जनावरं चारा छावणीत. तिथं सशाचे लाड कोण पुरवणार? सकाळी सोसायटीचं कुलूप काढायला गेलो की दाराशी युरियाचं पोतं हलताना दिसायचं. तोंड सोडलं की आत दोन, कधी चार. पोतं कुणी ठेवलं हे कुणी सांगत नसे आणि मी विचारत नसे. योजनेचे फॉर्म मीच भरून घेतले होते.

दूध घ्यायची खोली रिकामीच होती. फरशी थंड, भिंती जाड. तिथं पिंजरे मांडून मी ससे ठेवायला लागलो आणि एकेकाला घर शोधायला लागलो. एका वेळी तीस-पस्तीस असायचे. सुरुवातीला मी त्यांना सुबाभळीचा पाला घालायचो, कारण हिरवं म्हणून तेवढंच होतं. पंधरा दिवसांत त्यांचे केस गळायला लागले. गुरांचे डॉक्टर म्हणाले, “सुबाभूळ बंद करा, ती बाधते.” मग तुरीचा वाळका पाला, बांधावरचं गवत, छावणीत जनावरांनी टाकलेली वाढ्यांची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, पानं. ऊन चढलं की पिंजऱ्यांवर ओली बारदानं टाकायची. त्यासाठी मी अंघोळीचं पाणी परातीत धरून ठेवत असे.

टँकरवर यावरून बोलणी बसायची.

“काय नाना, सशाला न्हाऊ घालता म्हनं? आमची म्हातारी आठ दिस झाले बिनअंघोळीची हाय.”

“न्हाऊ घालू द्या बे,” दुसरा म्हणायचा, “सभासद करून घ्यायलेत त्यान्ला. पुढच्या विलेक्शनला मतं पडतेल.”

मीही हसायचो. पण घर बघितल्याशिवाय ससा द्यायचा नाही, हा माझा नियम होता. आधी जाऊन यायचो. कुत्रं आहे का, सावली कुठली, दुपारी घरात कोण असतं, सगळं विचारायचो. निघताना ठरलेलं बजावणं: बिस्कीट द्यायचं नाही, भात द्यायचा नाही, पेंड तर नाहीच. लाडानं लोक तेच देतात, सशाचं पोट फुगतं आणि दोन दिवसांत तो जातो. गेवराईच्या एका गुरुजींना मी हे तीनदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “अहो नाना, पोरगी द्यायला आलात का ससा?”

मांजरसुंब्याच्या ढाबेवाल्याला तर एकदम सहा हवे होते.

“कावून पायजेत एवढे?” मी विचारलं.

“गिऱ्हाइकाची लेकरं खेळतेल, नाना.”

“अन् गिऱ्हाईक?”

“गिऱ्हाईक मटन खाईल की.”

“कशाचं?”

तो पोट धरून हसला. “पाटी लावतो नाना, हे मेनूत न्हाईत म्हनून!” मी दोनच दिले, आणि पुढचे दोन महिने बीडला गेलो की पुढं मांजरसुंब्यापर्यंत जाऊन मोजून यायचो. त्यानं खरंच पाटी लावली होती. ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली असेल. हिच्या आडच मी इतकी वर्षं लपलो.

आता खरी गोष्ट.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला वस्ती आहे. तिथली बहुतेक घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. निघताना शेळी एकाकडे, कोंबड्या दुसऱ्याकडे, घराची किल्ली तिसऱ्याकडे ठेवायची, अशी रीत आहे. त्याला कागद नाही, साक्षीदार नाही. सहा महिन्यांनी माणूस परत येतो, हात पुढे करतो आणि वस्तू मिळते. करडू मेलं तर मेलं म्हणून सांगतात, नवं झालेलं दाखवतात. पण ठेवलेली वस्तू कुणी दुसऱ्याला देऊन टाकली, असं आमच्या गावात माझ्या आठवणीत झालेलं नव्हतं.

त्या वस्तीतल्या एका बाईकडे योजनेतला एक ससा होता. तिशीतली असेल. मूलबाळ तेव्हा नव्हतं. ससा राखी रंगाचा, एक कान ताठ आणि एक पडका. त्याला तिनं नाव असं ठेवलेलं नव्हतं. जिभेनं टाळूला टक् टक् असा आवाज काढला की तो जिथं असेल तिथून पळत यायचा. आधीच्या वर्षी तिनं त्याला उसाच्या फडावर नेलं होतं. कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपीत, कुत्र्यांनी त्याला जवळजवळ धरलंच होतं. म्हणून या दसऱ्याला ती त्याला पदराखाली घेऊन सोसायटीत आली.

“नाना, पट्टा पडला की येते. तवर ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी.” पट्टा पडला म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला.

“ऱ्हाऊ द्या की. पर इथले ससे लोकान्ला देतो मी, म्हाईत हाय ना?”

“ह्यो द्यायाचा न्हाई. ठेवायाचा हाय.”

मी जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, त्यावर मोठ्या अक्षरात ‘ठेव’ लिहिलं आणि सुतळीनं पिंजऱ्याला बांधलं. तिला वाचता येत नव्हतं. काय लिहिलं म्हणून तिनं विचारलं. मी सांगितल्यावर तिनं पुठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला.

दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा, मुकादमाच्या मोबाईलवरून. मागे मोळ्या टाकल्याचा आवाज, माणसांची हाकाहाक. “त्याच्या कानाला लावा, नाना.” मी फोन त्याच्या पडक्या कानाखाली धरायचो. पलीकडून टक् टक् यायचं. तो सगळं अंग ताठ करून थांबायचा, मग पिंजऱ्यात गोल फिरायचा. मी तिला सांगायचो, “फिरायला लागला बघा.” ती एवढी हसायची की मुकादम ओरडायचा.

संक्रांतीला चेअरमन आमच्या खोलीवर आले. पुण्याची नात सुट्टीला आली होती, तिला ससे बघायचे होते. योजना बुडाल्यापासून चेअरमननी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. ते दुधाच्या पालथ्या कॅनवर बसले, सोबतच्या चार माणसांकडे वळून म्हणाले, “सोसायटीची लाज एकट्या सेक्रेटरीनं राखली बरं का.” दोन वर्षं मी टोमणेच खात होतो. ते वाक्य मला फार गोड लागलं. अजून लागतं, हे लिहिताना जाणवलं, आणि लाज वाटली.

नात पिंजरे बघत बघत गेली आणि पडक्या कानाच्या सशापाशी थांबली. “आजोबा, हा.”

चेअरमननी माझ्याकडे बघितलं. “कुणाचा असंल तर ऱ्हाऊ द्या, सेक्रेटरी. दुसरा बघू.”

हे त्यांचे शब्द आहेत. मी आज शपथेवर लिहितो आहे. त्यांनी मागितला नाही, दटावलं नाही. उलट मला वाट दिली. तो पुठ्ठा पिंजऱ्याला लटकत होता. मी पुढे झालो, सुतळी ओढून तो काढला आणि खिशात घातला.

“कुणाचा न्हाई, सायेब. सोडून दिलेलाच हाय. न्या.”

माझा हिशेब असा होता: तोडीची माणसं पाडव्याच्या पुढं-मागं परततात, यंदा गावात पाणीच नाही म्हटल्यावर आणखी उशिरा येतील. पुण्याची पोरगी चार दिवसांत कंटाळेल. तोवर मी ससा परत आणीन आणि पुठ्ठा परत बांधीन. सहकारात आयुष्य गेलेला माणूस मी, पण एवढं सुचलं नाही की दुष्काळ आमच्या एकट्याच्या शिवारात नव्हता. ऊसही वाळला होता. ऊस नाही तर कारखाना किती दिवस चालणार?

आणि आणखी एक. शंभर घरांत मी बजावणं केलं असेल. गुरुजींचं डोकं खाल्लं, ढाबेवाल्याला छळलं. चेअरमनच्या बंगल्यावर मात्र मी घर बघायला गेलो नाही आणि बिस्कीट-भाताबद्दल एक शब्द बोललो नाही. एवढ्या मोठ्या माणसाला काय शिकवायचं, असं वाटलं.

संध्याकाळी बायको पाला घेऊन आली. तिच्या लगेच ध्यानात आलं.

“पडक्या कानाचा कुठंय?”

“चेअरमननी नेला.”

“नेला म्हंजी? तुमी दिला का त्यान्नी नेला?”

“नातीनं हट्ट धरला. मला काय बोलता येतंय त्यांच्यापुढं?”

“तोंड शिवलं हुतं का? लोकाचा हाय म्हनून सांगाया काय लागतंय?”

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यानं तिच्या मनात चेअरमन दोषी ठरले. ती मरेपर्यंत त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला गेली नाही. चेअरमनच्या बायकोनं दोनदा बोलावणं धाडलं तरी गेली नाही. माझ्या खोट्याचं ओझं ती बिचारी मानानं वागवत राहिली.

रविवारी फोन आला. “लावा कानाला.” मी म्हणालो, झोपलाय. पुढच्या रविवारी पुन्हा फोन. आता काय सांगणार? मी शेजारच्या पिंजऱ्यातल्या एका पांढऱ्या सशाच्या कानाला फोन लावला. टक् टक् झालं. पांढरा ढिम्म.

“आज गप हाय का, नाना?”

“खातोय,” मी म्हणालो, आणि सशापुढं तुरीचा वाळका पाला टाकला. तो कुरकुर खायला लागला.

“ऐकू येतंय की!” ती म्हणाली. “खातोय बघा कसा!”

त्याच आठवड्यात मी बंगल्यामागच्या शेतात गेलो. ससा परत मागायचाच असं ठरवून गेलो होतो. पत्र्याखाली कोंबड्यांचं खुराडं होतं, ते रिकामं. तिथला गडी म्हणाला, “त्यो ससा व्हय? त्यो गेला की नाना. ताईसायेब पुन्याला गेल्या, मंग हितं आनून ठिवला. बिस्किटं लई खायाचा. पोट टम्म फुगलं अन् गेला.” कुठं टाकला, विचारलं. त्यानं ओढ्याकडे हात केला.

त्यानंतर तीन रविवार फोन आला. तिन्ही रविवार मी पाला टाकून पांढऱ्या सशाला फोन लावला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, “नाना, ऊस सरला हिकडं. पट्टा पडायलाय. शिवरातीच्या आत येतो आमी.”

ती आली त्या दिवशी घरीसुद्धा गेली नव्हती. ट्रॅक्टरमधून फाट्यावर उतरून सरळ खोलीवर. हातात कोवळ्या मक्याची दोन हिरवी ताटं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. तिकडून तीनशे किलोमीटर सांभाळून आणलेली. दारातूनच तिनं टक् टक् केलं. पिंजऱ्यांतले सगळे ससे आपापल्या जागी बसून राहिले.

“नाना?”

माझी बायको तिथंच होती. ती माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, आता हा माणूस सांगेल की चेअरमननी नेला. मला तेही सांगता येईना. सांगितलं असतं तर ती बाई बंगल्यावर गेली असती, आणि तिथं ‘कुणाचा न्हाई’ हे माझं बोलणं तिला कळलं असतं.

“बाई, त्यो गेला,” मी म्हणालो. “ऊन बाधलं. परवाच.”

तिनं ताटं खाली ठेवली. “कुठं पुरला?”

खोलीच्या मागं कडुलिंबाखाली आठ-दहा ससे पुरलेले होते. मी त्यातली ताजी माती दाखवली. खाली दुसराच ससा होता, पोत्यातून मेलेलाच आला होता तो. ती तिथं बसली. ताटं मोडून तिनं मातीवर पसरली. मला रडू आलं. ते रडणं खोटं नव्हतं, पण तिला ते ज्याचं वाटलं त्याचं नव्हतं.

“तुमी नका रडू, नाना,” ती म्हणाली. “तुमी लई केलं. मीच न्ह्याया पायजे हुता संगं. माजंच चुकलं.”

बायको उठून आत गेली. घरी आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, “तुमच्यानं व्हत न्हाई, तर मी सांगू का तिला?” मी नको म्हणालो. नंतर आठवडाभर ती ताट पुढ्यात ठेवायची आणि बोलायची नाही.

त्या बाईनं वस्तीभर सांगितलं की परक्याच्या सशासाठी नाना लेकरासारखे रडले. माझ्या दयेचा जो बोलबाला झाला, शाळेच्या बाईंपर्यंत जो पोचला, त्याची सुरुवात तिथून आहे. पाऊस आल्यावर ससे संपत आले, सगळ्यांना घरं मिळाली. मी नंतर तिला पांढरा ससा देऊ केला. ती म्हणाली, “नगं नाना. माज्यानं निभत न्हाई. माज्या हातून जीव जातो.”

माझ्या हातून गेलेला जीव ती आपल्या नावावर घेऊन बसली होती, आणि मी ते ऐकून घेतलं. तिला पुढं मुलगी झाली. ती तीन महिन्यांची असताना ताप येऊन दवाखान्यात न्यावी लागली. तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर ती माझ्या बायकोला म्हणाली, “काकी, माजा हात चांगला न्हाई. सशाचं म्हाईत हाय ना तुमाला.” मुलगी बरी झाली. पण बायकोनं घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा मी चप्पल घालून वस्तीच्या वाटेला लागलो होतो. ओढ्यापर्यंत गेलो. तिथं ओळखीची माणसं भेटली, त्यांनी तंबाखू दिली, आणि मी त्यांच्यासोबत परत फिरलो.

चेअरमन अजून आहेत, अंथरुणाला खिळलेले. त्यांच्याकडे मी गेल्या महिन्यात गेलो आणि बायकोला काय सांगितलं होतं ते कबूल केलं. त्यांना ससाही आठवत नव्हता. “असू द्या हो सेक्रेटरी,” म्हणाले, आणि चहा मागवला. बायकोला सांगायचं राहिलं. ती तीन वर्षांपूर्वी गेली.

आणि ती बाई इथंच आहे. कोयता सुटला, कंबर गेली आहे, गिरणीवर भेटते. दरवर्षी दसऱ्याला सोनं घेऊन माझ्या घरी येते. मागच्या दसऱ्याला मी ठरवलं होतं. सकाळपासून वाक्यं म्हणून बघत होतो. ती आली, तिनं आपट्याची पानं माझ्या हातात दिली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, “आशीर्वाद द्या, नाना.” मी “सुखी ऱ्हा” म्हणालो. ती उंबऱ्याशी क्षणभर थांबली, मला काही बोलायचंय असं तिला वाटलं असावं. मग गेली.

मला म्हणायचं होतं ते एवढंच: बाई, तुमचा ससा उन्हानं न्हाई मेला, अन् तुमच्या हातून तर न्हाईच न्हाई. तुमी ठेवायला दिलता, मी कुणाचा न्हाई म्हनून देऊन टाकला. फोनवर तुमी ऐकत हुतात त्यो दुसराच हुता. तुमी मातीवर ताटं पसरलीत तिथं त्यो नव्हता. तुमच्या हाताला कायबी झालेलं न्हाई. चूक माजी हाय, सगळी. मला माफ करा.